तारेखालचा दोरा

यंदाच्या अंकासाठी काहीतरी लिही, असे आमच्या मराठीच्या बाईंनी सांगितले तेव्हा मी लगेच 'हो' म्हटले. विषय सांगितला तेव्हा मात्र बाई क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. साहजिकच होते, कारण विषय तिथेच होता. संपादक मंडळातली माझी एक मैत्रीण सांगत होती की आईवर नऊ कविता आल्या आहेत आणि पावसावर त्याहून जास्त. तेव्हा दातांवर एखादा लेख गेला तर अंकाचे काही बिघडणार नाही, असा विचार मी केला. शिवाय या विषयावर माझे एक ठाम मत आहे, आणि ते मला बरेच महागात पडलेले आहे.

मत असे. जो डॉक्टर दाताला तार बसवतो त्याने त्या तारेखालून दोरा ओवायलाही पहिल्याच दिवशी शिकवले पाहिजे, आणि ते पेशंटला कळेल त्या भाषेत शिकवले पाहिजे. तसे शिकवायचे नसेल तर तार बसवू नये.

वाचकांना हे फार कडक वाटेल. म्हणून आधी माझी हकीकत सांगते.

माझे वरचे दोन्ही सुळे दातांच्या रांगेत न येता पुढे, उंच जागी आले होते. आज्जीच्या मते दातावर दात हे भाग्याचे लक्षण. आईचे मत वेगळे होते. ती काही बोलली नाही, पण दोन वर्षांची भिशी लागली तेव्हा त्यातून पातळ किंवा गॅसची नवी शेगडी न घेता तिने ते पैसे माझ्या दातांसाठी बाजूला ठेवले. बाबा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला आहेत. उरलेले हप्ते त्यांनी भरायचे ठरले. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. खानापूरहून रोज बसने बेळगावला यायचे, कॉलेज सुटल्यावर दवाखाना, मग परत बस. चार छोट्या दाढा काढल्या, प्रत्येक दातावर धातूचा एकेक चौकोनी ठिपका चिकटवला आणि त्यांतून तार ओढली. आरशात पाहिले तर आमच्या परसाला बाबांनी घातलेले कुंपणच तोंडात आल्यासारखे दिसत होते.

निघताना हातात एक कागद मिळाला, सुबक, रंगीत, इंग्रजीत छापलेला. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. तरी इंग्रजी मला येत नाही असे नाही, अभ्यास तर इंग्रजीतच करते. पण त्या कागदावर सातव्या की आठव्या ओळीत 'फ्लॉस डेली' असे दोन शब्द होते, आणि ते मी एका औषधाचे नाव समजले. मेडिकलमध्ये जाऊन "फ्लॉस डेली द्या" असे सांगितले. दुकानदारालाही काही अर्थबोध झाला नसावा. त्याने चूळ भरण्याच्या निळ्या औषधाची बाटली दिली. ती मी तीन महिने इमानेइतबारे वापरली.

दवाखान्याचे नाव मी येथे घेत नाही. डॉक्टरांचा हात चांगला होता, तार बसवण्याचे काम त्यांनी उत्तम केले. प्रश्न एवढाच की दर महिन्याला पाच मिनिटे तार आवळून होत होती, आणि त्या पाच मिनिटांत "नीट ब्रश करत जा" यापलीकडे कोणी काही बोलले नाही. मी ब्रश करत होते. सकाळी करत होते, रात्री करत होते. तरीही सातव्या महिन्यात हिरड्या इतक्या सुजल्या की खालच्या काही ठिपक्यांच्या कडा त्यांत बुडाल्या. भाकरीचा तुकडा मोडला की त्याला रक्त लागायचे. शेवटी डॉक्टरांनी तार काढून ठेवली, सहा आठवडे उपचार थांबवला आणि मला हिरड्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. जाताना त्यांनी वरच्या दोन दातांवर बोट ठेवून दाखवले. ठिपक्यांच्या भोवती खडूने आखल्यासारखे पांढरे डाग पडले होते. ते आजही आहेत. भिशीतले पैसे मोजून मी हे डाग विकत घेतले, असा विचार मनात येतो तेव्हा मला आईकडे पाहवत नाही.

आता दोऱ्याची गोष्ट. हिरड्यांच्या दवाखान्यात मदतीला एक अक्का होत्या, धारवाडकडच्या. त्यांनी माझे दात साफ झाल्यावर समोर बसवले, हातात काहीतरी घेतले आणि म्हणाल्या, "हल्लिगे दार हाक्री." माझे कन्नड बसमध्ये शिकलेले. कंडक्टर रोज "बागिलु हाक्री" म्हणतो, म्हणजे दार लावा. त्यामुळे 'हाक्री' मला ठाऊक होते, आणि 'दार' तर आपलेच. मी उठले आणि खोलीचे दार लावून परत येऊन बसले. अक्का माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग डॉक्टर हसू लागले, मग मी. कन्नडमध्ये 'दार' म्हणजे दोरा. दाताला दोरा घाला, असे अक्का सांगत होत्या. आमच्या नियतकालिकाच्या कन्नड विभागातल्या माझ्या मैत्रिणीला हा किस्सा सांगितला तेव्हा ती म्हणाली, तू निदान उठून दार तरी लावलेस, इंग्रजी कागद वाचून तू काहीच केले नव्हतेस. मला ते पटले.

अक्कांनी प्लॅस्टिकच्या जबड्यावर मला सगळे दाखवले, आणि तेच मी येथे सांगते, कारण आपल्या कॉलेजात दाताला तार असलेली मुलेमुली मी मोजली आहेत, केवळ आमच्या वर्गात पाच आहेत.

दोरा घ्यायचा एक हात लांब, म्हणजे दीड फूट. हा हात कोपरापासून बोटांपर्यंतचा, आज्जीच्या मापाचा. साध्या दातांत दोरा वरून खाली उतरतो. तार असली की ही वाट बंद. म्हणून नायलॉनची एक कडक, डोळ्यासारखी फाकलेली सुई मिळते, तिच्या डोळ्यात दोरा ओवायचा, सुईचे टोक तारेच्या मागून वर किंवा खाली काढायचे आणि दोरा ओढून घ्यायचा. काही दोऱ्यांचे टोकच सुईसारखे ताठ केलेले असते. त्यांत मधला भाग काथ्यासारखा फुगीर असतो, तो ठिपक्याभोवती चांगला फिरतो. मग दोन दातांच्या फटीत दोरा हळू करवतीसारखा खाली न्यायचा. झटका द्यायचा नाही, हिरडी कापते. खाली गेल्यावर एका दाताला कवेत घेतल्यासारखा वळवायचा, हिरडीच्या कडेखाली किंचित नेऊन दाताच्या अंगाने वर घासत आणायचा, दोन-तीन वेळा. मग तसेच शेजारच्या दाताला. मग दोरा एका बाजूने सोडून ओढून काढायचा, आणि पुन्हा पुढच्या फटीसाठी सुई तारेखाली. माझे चार दात काढल्यावर २४ राहिले, म्हणजे फटी २२. पहिल्या रात्री मला पाऊण तास लागला आणि मी आठव्या फटीला रडले. आई बाहेरून विचारत होती, "काय करूलालीस गं तासभर आरशासमोर?" आता बारा-तेरा मिनिटे लागतात.

त्याआधी एक मूर्खपणा केला होता, तोही सांगते. मेडिकलमध्ये दोरा लगेच मिळाला नाही म्हणून आईच्या शिलाई मशीनचे लाल रीळ घेतले. दोरा तारेखाली गेला, फटीतही गेला, आणि तुटला. एक लाल शेपूट दातांतून लोंबत मी दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला आले. शिवणाचा दोरा या कामाचा नाही. तो धारदार असतो, त्याचे धागे सुटतात आणि हिरडीत अडकतात.

ब्रश करूनही माझ्या हिरड्या का सुजल्या, हे मला रसायनशास्त्राची विद्यार्थिनी असूनही तोवर सुचले नव्हते. ब्रशचे केस दाताच्या पुढच्या, मागच्या आणि चावण्याच्या बाजूला पोचतात. दोन दात जिथे एकमेकांना चिकटतात तिथे पोचत नाहीत, आणि तार असली की पुढच्या बाजूलाही त्यांना अडथळाच. तिथे जंतूंचा पातळ, चिकट थर साचतो. आपण साखर किंवा पिष्टमय काही खाल्ले की हे जंतू त्याचे आम्ल करतात. तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या आवरणातले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागते. आम्ही प्रयोगशाळेत ब्युरेटमधून थेंब थेंब आम्ल सोडून रंग बदलण्याची वाट पाहतो, तेच तोंडात चालते, रंग मात्र पांढरा होतो. लाळ हे आम्ल धुऊन काढते आणि गेलेले क्षार परत आणते, पण तिला वेळ मिळाला पाहिजे. कॅन्टीनमध्ये दर तासाला गिरमिट आणि चहा, आणि घरी आल्यावर पाहुण्यांनी आणलेला कुंदा, अशा दिवसात तो तिला मिळत नाही. तार असलेल्या दातांवर असे पांढरे डाग चार आठवड्यांतही दिसू शकतात. माझे सात महिने झाले होते.

मी एकटीच असे नाही, हे नंतर वाचनात आले. १९८२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तारेचा उपचार घेतलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांच्या दातांवर असे डाग आढळले होते, आणि वरचे पुढचे दात त्यांत सर्वांत जास्त सापडले. म्हणजे हे धोके डॉक्टरलोकांना माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून माहीत आहेत. दोरा तर त्याहून जुना. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्मली यांनी १८१५ च्या सुमारास रेशमी दोऱ्याने दातांच्या फटी साफ करायला सांगितले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशीम महागले आणि नायलॉन आले. तारेच्या बाबतीत सुधारणा त्याहून पुष्कळ झाली. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टीच ठोकून बसवत. १९५५ साली मायकेल ब्यूनोकोर यांनी दाताचे आवरण सौम्य आम्लाने खरखरीत केले की त्यावर प्लॅस्टिकसारखा पदार्थ घट्ट चिकटतो असे दाखवले, आणि त्यातूनच आजचे चिकटवायचे ठिपके आले. तारही आता निकेल आणि टायटेनियमची, वाकवली तरी मूळ आकारावर येणारी. एवढी सगळी धातुविद्या माझ्या तोंडात बसवून झाली, आणि दोन शतकांपूर्वीचा दोरा सांगायचा राहिला.

येथे काही आक्षेप येतात, ते घरातही आले आणि वर्गातही.

आज्जीचा आक्षेप पहिला. तिची पिढी राखुंडीने दात घासणारी, तिच्या पेटीत चांदीचे दातकोरणे आहे, एकाच कडीत अडकवलेल्या कानकोरण्यासह. ती म्हणते, दोरा घालून घालून दातांत फटी पडतील. मी तिला अक्कांचे उत्तर सांगितले. दोन दातांच्या मध्ये सवडीने जाणाऱ्या दोऱ्याने दात सरकत नाहीत. दात सरकवायला महिनोन्महिने सतत ओढणारी तार लागते, आणि तीसुद्धा महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकवते. फट पडली असे वाटते ते बहुधा जुनी कीट निघाल्यामुळे, किंवा सूज उतरून हिरडी पूर्वीच्या जागी गेल्यामुळे. आज्जीला हे पटले असे म्हणवत नाही. पण ती आता विरोध करत नाही.

दुसरा आक्षेप रक्ताचा, आणि हा सर्वांत घातक. पहिल्या दिवशी दोरा लाल झाला की माणूस घाबरून दोरा सोडतो. मीही सोडणारच होते. अक्का म्हणाल्या, रक्त येते ते हिरडी आधीच आजारी आहे म्हणून. हळुवारपणे रोज करत राहिलात तर आठ-पंधरा दिवसांत थांबेल, आणि नाही थांबले तर परत या. माझे बाराव्या दिवशी थांबले. ज्याला हे आधी सांगितले नाही तो बाराव्या दिवसापर्यंत पोचत नाही.

तिसरा आक्षेप आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलाचा. त्याने मोबाईलवर काढून दाखवले की २०१६ साली अमेरिकेत या दोऱ्याच्या उपयोगाचा पुरावा फार कमकुवत असल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि सरकारी आहारविषयक सूचनांतूनही तो उल्लेख गेला होता. बातमी खरी आहे. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने ३५ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही निष्कर्ष जपूनच काढला. ब्रशच्या जोडीला दोरा किंवा फटीत घालायचा बारीक ब्रश वापरला तर हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, बारीक ब्रश दोऱ्याहून सरस असण्याचीही शक्यता आहे, पण पुराव्याची खात्री कमी. मी हे लपवत नाही. पण पुरावा कमी असणे आणि उपयोग नसल्याचे सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलाला आमच्या सरांनीच पहिल्या वर्षी शिकवले होते. त्या दिवशी तो बहुधा गैरहजर होता. शिवाय मी दोऱ्याची भक्त नाही. जिथे फट रुंद आहे, तारेखाली आणि काढलेल्या दातांच्या जागी, तिथे मी बारीक ब्रशच वापरते. तो लवकर होतो. जिथे तो शिरत नाही तिथे दोरा.

आणि प्रामाणिकपणे आणखी एक कबूल केले पाहिजे. माझे पांढरे डाग ठिपक्यांभोवतीचे आहेत, फटीतले नाहीत. ते टाळायला दोऱ्यापेक्षा फ्लोराइडच्या पेस्टने ठिपक्याच्या वरून आणि खालून, ब्रश तिरका धरून केलेली सफाई जास्त कामाची होती. हिरड्यांची सूज फटींतून आली आणि डाग घाईच्या ब्रशमुळे आले. पण दोन्हींचे मूळ एकच. शिकवले कोणी नाही, आणि विचारले मीही नाही. माझा यातला वाटा मी नाकारत नाही. सात महिने त्या कागदावरचे दोन शब्द मला कळत नव्हते, आणि "डॉक्टर, हे काय असते?" असे विचारायची मला लाज वाटत होती. बी.एस्सी.ला असून एवढे इंग्रजी येत नाही, असे त्यांना वाटेल म्हणून.

लाजेचा विषय निघाला आहे तर कॉलेजबद्दलही बोलते. मला वर्गात 'तारऑफिस' असे नाव पडले होते. देशातली तार २०१३ साली बंद झाली, तरी नाव ठेवायला ती पुरते. मी चिडले नाही, पण हसताना तोंडावर हात ठेवू लागले, आणि डबा खाल्ल्यावर दात साफ करायला नळावर जाणे बंद केले. नळ आहे चौकात, कॅन्टीनसमोर, सर्वांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, आणि तिथे आरसा नाही. पालकाची भाजी तारेत अडकवून तीन तास मी दुपारची प्रॅक्टिकल्स केली आहेत. पोरांनी थट्टा करावी, कॉलेजात थट्टा नसेल तर काय राहिले; पण चूळ भरणाऱ्याला पाहून थट्टा करू नये, एवढीच विनंती. प्राध्यापक मंडळींनाही एक. दुपारच्या तासाला पाच मिनिटे उशिरा येणारा प्रत्येक विद्यार्थी कॅन्टीनमध्ये बसलेला असतोच असे नाही.

खर्चाचेही बोलले पाहिजे. दोऱ्याची डबी आणि सुयांचे पाकीट मिळून एका सिनेमाच्या आसपास खर्च येतो, आणि सुया धुऊन पुन्हा वापरता येतात. ज्याने हजारो रुपयांची तार घेतली त्याला हे जड नाही. म्हणून मी म्हणते, तारेच्या खर्चातच पहिली डबी घालून द्या. आणि इंग्रजी कागदाऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, मराठी आणि कन्नड कागद द्या. आपल्या गावात दुकानाच्या पाटीवर कोणती भाषा वर आणि कोणती खाली, यावरून लोक इतके तावातावाने बोलतात. औषधाच्या चिठ्ठीवर आणि दवाखान्याच्या कागदावर दोन्ही नसतात, तिकडे मात्र कोणाचे लक्ष नाही.

मागच्या महिन्यात मी आणि माझ्या कन्नड मैत्रिणीने मिळून तसा एक कागद तयार केला. एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड, मध्ये मी काढलेली दातांची आकृती, जी ज्वारीच्या कणसासारखी दिसते. अक्कांनी तो वाचला, कन्नडमधली एक चूक दुरुस्त केली आणि दवाखान्याच्या भिंतीवर लावला. दुसरी प्रत मी पहिल्या डॉक्टरांकडेही नेली. त्यांनी ती नीट वाचली, थोडा वेळ गप्प राहिले, आणि झेरॉक्स काढायला बाहेर पाठवली.

माझी तार येत्या वैशाखात निघेल. अक्कांनी मात्र आधीच सांगून ठेवले आहे की नंतर दात परत सरकू नयेत म्हणून मागच्या बाजूने एक बारीक तार कायमची चिकटवतील, तेव्हा दोरा आणि सुई फेकून देऊ नकोस. नळावर आरसा लावावा असा अर्ज आम्ही पाच जणांनी दोन्ही भाषांत लिहून कार्यालयात दिला आहे. त्याला तीन आठवडे झाले. तोपर्यंत मैत्रीण मोबाईलचा पडदा माझ्यापुढे धरते, मी त्यात पाहून पालक काढते.